डोंग्याचं छत

मास्तरांशी बोलायचं म्हणजे बहुतेक वेळा एका ताडपत्रीशी बोलायचं. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, एक ताडपत्री उभी असायची आणि तिच्याखाली दोन पाय दिसायचे, प्लास्टिकच्या चपलेतले. डोक्यावरून कापड घेऊन, सूर्याकडे तोंड करून, मास्तर आतून भोकं शोधत असायचे. आपली चाहूल लागली की आतून आवाज यायचा, "कोन हाये जी? बोला, आयकून राह्यलो." गिऱ्हाईक बिचारं त्या कापडालाच आपलं काम सांगायचं. मध्येच "हे पाह्य, दिसलं!" असं ऐकू यायचं, खडू धरलेला डावा हात बाहेर निघायचा आणि बरोबर भोकावर फुली मारून पुन्हा आत जायचा.

तुमच्याही गावात असा कुणी असेल, ज्याच्याकडे आपण वर्षानुवर्षं नुसतं बघत आलो आणि कधी थांबलो नाही. मी समुद्रपूरच्या शाळेत गणित शिकवायची. बोरगाव मेघ्यातल्या घरून निघून एस.टी. पकडायला जाताना रोज ते दोन पाय पाहायची आणि पुढे जायची. ट्रकच्या ताडपत्र्या, जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगांवरची झाकणं, बैलगाडीची छपरं, सगळं मास्तर शिवायचे. पन्नास वर्षं तेच. पुढे स्वस्तातलं निळं प्लास्टिक आलं आणि दुकानासमोरची गर्दी पातळ झाली, हेही मी एस.टी.च्या घाईतच पाहिलं.

मी थांबले ती निवृत्त झाल्यावर, आणि तीही आमच्या ह्यांच्या नादामुळे.

हे पाटबंधारे खात्यातले. निवृत्तीनंतर जवळच्या धरणावरच्या मच्छीमार संस्थेचे कागदपत्र बघून द्यायला लागले. त्या बदल्यात संस्थेने एक जुनी फायबरची बोट ह्यांना रविवारपुरती वापरायला दिली. झालं! दर रविवारी हे गळ्यात दुर्बीण अडकवून बदकं बघायला. मीही चार वेळा गेले, आणि चारही वेळा अर्धशिशीने डोकं धरून परत आले. पाण्यावरचं ऊन दोन्हीकडून लागतं, वरूनही आणि खालूनही. छत्री नेली तर ती पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. नागपूरच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, एका बोटीसाठी आम्ही छत बनवत नाही. मी म्हटलं, मग मीच शिवते. तीस वर्षं घरच्या मशीनवर ब्लाऊज शिवले, वर भूमिती शिकवली. एक आयताकृती कापड शिवायला काय अक्कल लागते?

अहो, काय सांगू! पहिल्याच कोपऱ्यात कापडाचे चार पदर आले आणि सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. तिसरीचं टोक उडून ह्यांच्या पेपरवर पडलं. हे पेपर न हलवता म्हणाले, "अगं, ते ताडपत्रीवाले आहेत ना नाक्यावर?"

मी गेले. कापडाला म्हटलं, "मास्तर, बोटीला छत शिवून द्याल का?"

कापड हलायचं थांबलं. मग, "बोट? इथं कुठं बोट आली जी?"

"धरणावर."

"डोंगा म्हना ना मंग!" ताडपत्री बाजूला झाली आणि मास्तर पहिल्यांदा पूर्ण दिसले. किडकिडीत, पांढरी इस्त्रीची बंडी, सत्तरी ओलांडलेली. उजवा हात छातीशी धरलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय.

"मी नाई शिवत आता, बाई. दीड वर्ष झालं झटका येऊन. हात हाये, पर थो माहा नाई राह्यला." शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे बाईच म्हणतात, माझी शाळा त्यांना ठाऊक होती. "भोकं दाखवून देतो, खुना करतो. शिवाले लोक दुसरीकडं नेते." मग जरा रागानेच म्हणाले, "आन् कसं शिवते! पोत्याले शिवावं तसं."

मी परत फिरणार, तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळी बाहेर आल्या. त्यांना मी पुढे वहिनी म्हणू लागले. त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडायच्या निमित्ताने बाजूला घेतलं. "बाई, तुमी सोता शिवान का? यायले इचारा ना शिकवता का म्हनून. जेवन जात नाई यायले. म्हनते, हे सारं माह्यासंगच जाईन."

असं कुणी म्हटल्यावर गणिताच्या बाईने काय करायचं? मी पुन्हा त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "मास्तर, मीच शिवीन. तुम्ही सांगा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या चष्म्यापाशी थांबले आणि म्हणाले, "उद्या येजा. नवं कापड आनू नका."

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी बोटीचं काम सुरू झालं. छे! पंधरा दिवस मी एका ट्रकच्या फाटक्या ताडपत्रीवर सरळ रेघ शिवत होते. तीही मशीनवर नाही, हाताने. एवढं मोठं दाभण, मेण लावलेला दोरा, आणि तळहाताला बांधलेला चामड्याचा पट्टा, दाभण त्यानेच रेटायचं. मास्तर शेजारी खुर्चीवर. टाका पाहिला की एकच शब्द, "उकला."

का, ते सांगायचे नाहीत. चुकलं असंही म्हणायचे नाहीत. उकला. मी उकलायची, पुन्हा घालायची, पुन्हा उकला. मुलांच्या वह्यांवर 'पुन्हा सोडव' असं लाल शाईने लिहिताना माझा हात कधी अडखळला नव्हता. आता एका दुपारी डोळ्यांत पाणी आलं. वहिनी समोर बसून कापडाचं दुसरं टोक ताणून धरत होत्या. लग्न होऊन आल्यापासून ते काम त्यांचंच. त्या हळूच म्हणाल्या, "मले तर पन्नास वर्षं झाली बाई, अजून म्हनते ढिलं धरलं."

मास्तरांचं मोजमापही वेगळंच. मी वहीत आकृती काढून आणली, कमानीची लांबी, कापडाची रुंदी, दुमडीसाठी किती सोडायचं, सगळं दशांश चिन्हासकट. त्यांनी वही उलटी धरून पाहिली. "गनित बरोबर असन जी. कापडाले दाखवलं का?" मला राग आला. मी त्यांना न विचारता नवं कापड आणलं आणि घरी माझ्या मापाने कापलं. दुकानात नेलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भिजवलं होतं?"

नव्हतं. सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात आकसतो. तो आधी भिजवून, वाळवून मग कापायचा असतो. टाकीत बुडवून काढल्यावर माझं कापड वीतभर आखूड झालं. मास्तर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यांना मुलगा आहे, नागपुरात बँकेत साहेब. नात इंजिनीअर होतेय. मी एकदा न राहवून विचारलंच, मुलाला का नाही शिकवलं? मास्तरांनी दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

"म्याच मना केलं होतं, बाई. लहान होता तवा यायचा, दाभन धराचा. हातावर मारलं म्या त्याच्या. म्हटलं, पुस्तक धर, सुईले हात लावशीन त पाह्य. माह्या बापानं दुसऱ्याच्या दारात काम केलं, म्या आपल्या दुकानात केलं, थो खुर्चीवर बसला पायजे. बसला. लई बरं झालं. मी आजबी तेच करीन." मग उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "पर याले काय सांगू? पन्नास वर्षांचं याच्यात भरून हाये. काढून कोनाले देऊ?"

त्या दिवशी त्यांनी सांगायच्या आत मी टाका स्वतःच उकलला. मला छत हवं होतं एवढंच नव्हतं आता.

दोन महिन्यांनी छत तयार झालं. पाइपच्या चार कमानी वाकवून घेतल्या, त्यावर कॅनव्हास. कोपऱ्यांना फाटण्याआधीच दुहेरी ठिगळं लावलेली, कडेला पितळी रिंगा, दोरीच्या गाठी मास्तरांनी डाव्या हाताने आणि दातांनी स्वतः मारलेल्या. उंचीवर ते ठाम होते. "मानूस उभा राह्यला पायजे. वाकून बसाचं असन त छत कायले?" सगळं कसं ट्रकसारखं, ढोलासारखं ताणलेलं. काय देखणं दिसत होतं!

रविवारी आम्ही तिघं धरणावर गेलो. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसत होते. नवी टोपी घालून आले होते. काठावरचे मासेमार जाळी आवरता आवरता बघत राहिले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "हे त घर बांधलं जी डोंग्यावर! वारा सुटला त?" आता सांगा, आमच्यात एक गणिताची बाई, एक पाटबंधाऱ्यातले साहेब आणि एक पन्नास वर्षांचे कारागीर. त्या म्हाताऱ्याचं ऐकणार कोण?

दुपारपर्यंत स्वर्ग होता. सावलीत बसून मी पहिल्यांदा बदकं पाहिली. मास्तर बदकांकडे बघतच नव्हते, शिलाईकडे बघत होते. मग वारा सुटला.

छत फुगलं आणि बोट चालू लागली. आम्ही वल्हवत नव्हतो, तरी चालू लागली, नि तीही भलतीकडे. हे जीव खाऊन वल्हं मारत होते, तोंडाने "काही नाही, काही नाही" चालू. बोट एका कडेवर कलली, पाणी आत आलं. मी ओरडले, "छत सोडा!" पण सोडणार कसं? त्या ट्रकच्या गाठी होत्या. खड्ड्याखुड्ड्यातून शेकडो मैल गेलं तरी सुटू नयेत अशा मारलेल्या. मी नखं मोडली. मास्तर दातांनी झटत होते. शेवटी त्यांनी खिशातलं पातं काढलं आणि एका मागोमाग एक दोऱ्या कापल्या. सगळं छत आमच्या तिघांच्या डोक्यावर येऊन पडलं आणि बोट शांत झाली. आत अंधार. नुसता श्वासांचा आवाज.

पलीकडच्या काठाला चिखलात लागलो. मासेमारांनी येऊन आम्हाला ओढून काढलं. त्यांनी हसू दाबलं होतं, तेच जास्त लागलं. मास्तर ओल्या टोपीसकट एका दगडावर बसले. मग म्हणाले, "टरक जमिनीले धरून राह्यते, बाई. डोंग्याले कोनीच धरलं नाई. हे मले दिसलं कसं नाई?"

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मी मागच्या दाराने गेले. वहिनी म्हणाल्या, "आत हाये, भिंतीकडं तोंड करून. म्हनते, शिकवनं बंद. बाई बुडाल्या असत्या. उलटं शिकवलं म्या."

मी आत गेले. खरंच तोंड भिंतीकडे होतं. जे खरं होतं तेच सांगितलं.

"मास्तर, नोकरी लागली त्या वर्षी मी एक प्रमेय उलटं शिकवलं होतं. पूर्ण वर्गाला. फळा भरून. घरी गेल्यावर लक्षात आलं. वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि म्हटलं, काल मी चुकले, वह्या काढा. मुलं हसली. पण शिकली. तुम्ही असे पडून राहिलात तर मी ते चुकीचंच घेऊन बसणार ना?"

भिंतीकडूनच आवाज आला, "तुमी चुकल्या होत्या?"

"फळा भरून."

ते उठून बसले. मग म्हणाले, "उकला मंग सारं."

चार दिवस आम्ही तिघांनी ते छत उकललं. मी एका बाजूने, मास्तर डाव्या हाताने दुसऱ्या बाजूने, वहिनी ताणून धरायला. मग मास्तर मला घेऊन त्या म्हाताऱ्या मासेमाराकडे गेले. पायताण बाहेर काढून त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "दादा, वारा कसा येते थे सांग. मी टरकवाला हावो." मी ते पाहत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणासमोर असं बसले नव्हते, खोटं कशाला बोलू.

नवं छत ठेंगणं झालं. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर चार बोटं. बाजू गुंडाळून वर बांधता येणाऱ्या, आणि गाठ अशी की दोरीचं एक टोक ओढलं की सगळं खाली. "डोंग्याले छप्पर नाई पायजे, बाई. पदर पायजे. घ्यावा वाटला त घेतला, नाई त खांद्यावर टाकला." सगळे टाके माझे. त्यांनी दाभणाला हातही लावला नाही. शेवटच्या दिवशी ते कापड पांघरून उन्हात उभे राहिले. मी बाहेर, दहावीचा निकाल लागावा तसं वाटत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतून एकदाही "दिसलं" असं ऐकू आलं नाही. मग कापड बाजूला झालं. डोळे पुसत म्हणाले, "लावा." दुसरं काही नाही. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं असेल म्हणा. मला नाही तसं वाटत.

त्या हिवाळ्यात ते पाच-सहा वेळा आमच्याबरोबर आले. संस्थेच्या लोकांनी आणखी दोन डोंग्यांना तसंच छत मागितलं, तीही मी शिवली. मास्तर खुर्चीवर, वहिनी टोकाला, मी मध्ये. उकला म्हणायचं प्रमाण कमी झालं. पूर्ण थांबलं असं नाही.

फाल्गुनात मी मुलीकडे गेले होते, आठ दिवस. तेवढ्यात दुसरा झटका आला. मी परत आले तेव्हा सगळं झालेलं होतं. मला त्यांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही, आणि त्याबद्दल मला अजूनही स्वतःचा राग येतो.

माणूस गेल्यावरचा जलदान विधी त्यांच्याच अंगणात होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, बाजूला मास्तरांचा हार घातलेला फोटो. वर भाड्याचा मंडप, जुनाट कापडाचा. भंतेजींनी नुकतं त्रिशरण सुरू केलं होतं. तेवढ्यात उन्हाळी वाऱ्याचा झोत आला आणि मंडप मधोमध टराटर फाटला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया एकदम उन्हात आल्या. एक-दोघी उठायला लागल्या. मंडपवाला जागेवर नव्हता. मुलगा इकडे तिकडे बघू लागला, लोकही बघू लागले. ह्या अंगणात कापड फाटलं तर कुणाकडे बघायचं हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, म्हणून सगळ्यांची नजर आपसूक फोटोकडे गेली आणि तिथेच थांबली.

माझे पाय कसे उठले मला माहीत नाही. मी दुकानात गेले, दाभण घेतलं, मेणाचा दोरा घेतला. मुलाने मंडप खाली उतरवून धरला. मी जमिनीवर बसून शिवायला लागले. कापड ढिलं पडत होतं, टाका बसेना. तेवढ्यात ते ताणलं गेलं, घट्ट, सरळ. मी वर पाहिलं. वहिनी पांढऱ्या साडीत समोर बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी टोक धरलं होतं. भंतेजी थांबले होते, सगळे थांबले होते.

मंडप पुन्हा वर चढला. सावली रांगेवर आली. म्हाताऱ्या बाया सरकून नीट बसल्या. त्यांतल्या एकीने, आर्वीकडून आलेली कुणी नातेवाईक असावी, वर शिलाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहिनींना विचारलं, "हे बाई कोन वं? मंडपवाल्याची का?"

मी सांगणार होते, शाळेत शिकवायची, नाक्यापलीकडे राहते. तोंड उघडलं होतं.

"नाई वं," वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरची हाये."

भंतेजींनी पुन्हा सुरुवात केली. मी वहिनींशेजारी बसले आणि हात जोडले.